मल्लूआप्पांचं हँडल

अहमदपूर आणि लोहा या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात एक सहकारी साखर कारखाना आहे असं समजा. त्याचं नाव सांगत बसत नाही. नाव कुणाच्या वडिलांचं द्यायचं यावरून तिथल्या सर्वसाधारण सभेत एकदा खुर्च्या फेकल्या गेल्या होत्या, आणि त्यातली एक, पाठ मोडलेली, पुढं मिल हाऊसमध्ये येऊन पडली. आपली गोष्ट त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाची आहे.

त्यांचं नाव मल्लिकार्जुन, पण अख्खा कारखाना त्यांना मल्लूआप्पा म्हणायचा. मूळ गाव उदगीरकडचं. वायरमन म्हणून चिकटले आणि इलेक्ट्रिकल सुपरवायझर झाले. पण हुद्द्याला कोण विचारतो? आप्पांची ओळख म्हणजे त्यांचं हँडल.

उसाच्या मिलचे रोलर फिरवायला तिथं एक अवाढव्य डीसी मोटार आहे. तिच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल फिरतो, त्याला कम्युटेटर म्हणतात, आणि त्यावर कोळशाचे ब्रश टेकलेले असतात. वीज आत जाते ती या ब्रशांतून. ब्रश ज्या कड्यावर बसवतात ते कडं सगळ्या जगात बोल्टांनी घट्ट आवळून ठेवतात. आपल्या कारखान्यात ते सैल होतं, आणि त्याला बाभळीचं एक हँडल जोडलेलं होतं. मिलला ऊस पुरवणाऱ्या गव्हाणीत ऊस वाढला, लोड चढला, की ब्रशांखाली निळ्या ठिणग्या तडतडायच्या. मग आप्पा हँडल बोटभर मागं घ्यायचे, ठिणग्या बसायच्या. ऊस कमी झाला की परत तडतड, परत हँडल, आता पुढं. असं दिवसभर चालायचं. दुसऱ्या शिफ्टला आप्पांनी तयार केलेला एक माणूस बसायचा, पण तो मागं घ्यायच्या जागी पुढं घ्यायचा आणि मग आप्पांना घरून जीप पाठवून बोलवावं लागायचं. आप्पा त्याला मनापासून शिकवत होते असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

कारखान्यात पाहुणे आले की आधी त्यांना मुठीत गरम साखर देत, मग आप्पा दाखवत. संचालकांचे व्याही, साखर संघाचे साहेब, शाळांच्या सहली, सगळे त्या खुर्चीपुढं उभे राहून गेले होते. चेअरमन आनंदराजसाहेब पाहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "परदेशात हे काम कॉम्प्युटर करतो. आमच्याकडं मल्लूआप्पा करतात." पाहुणे माना डोलवायचे. परदेशात हे काम करावंच लागत नाही, हे पाहुण्यांना कुठून ठाऊक असणार, आणि साहेबांना तरी कुठून?

आता हे हँडल आलं कसं, ते ऐका. पूर्वी एका सीझनच्या ऐन भरात मोटारीच्या पोटातली एक कॉईल जळाली. गेटवर बैलगाड्यांची रांग, शेतकऱ्यांचा आरडाओरडा. बाहेरून एक मिस्त्री आणला. त्यानं आत डोकं घातलं, जळालेली कॉईल आणि तिच्यासोबतच्या तसल्याच बाकीच्या सगळ्या एका जाड केबलनं वळसा घालून बाजूला टाकल्या, टेप गुंडाळली आणि म्हणाला, "हे सीझनपुरतं हाय. तवर ब्रशचं कडं सैल करा आन ठिणगी पडली की हातानं सरकवा." तेव्हा टॉर्च धरून उभे होते ते तरणे मल्लूआप्पा. हात हलका, नजर बारीक. सरकवायला त्यांनाच बसवलं. सीझन संपला. ती केबल काढायची कुणाला आठवण झाली नाही. आप्पांना झाली असती, पण आठवून त्यांना काय मिळणार होतं? पुढच्या दसऱ्याला, खंडेनवमीच्या पूजेत, हँडलला हळदकुंकू लागलं आणि सीझनपुरत्या वस्तूची देवी झाली.

गेल्या वर्षी आप्पांना साठ वर्षं पूर्ण झाली. नियमानं घरी जायचं. पण आनंदराजसाहेबांनी भर मिटिंगमध्ये सांगून टाकलं, "मोटार ठिणग्या टाकतीय तोवर आप्पाला सुट्टी न्हाई." वर्षावर्षाच्या करारावर ठेवायचं ठरलं. म्हणजे आप्पांची खुर्ची आता सरळसरळ ठिणगीवर उभी होती. ठिणगी आहे तर आप्पा आहेत.

आणि आप्पांना घरी जायचं नव्हतं. घरी वाईट काही नव्हतं. उलट तिथं सगळं त्यांच्यावाचून इतकं व्यवस्थित चालत होतं की त्यांना बसायला कोपरा सापडत नसे. त्यांची बायको शिवगंगाबाई गडी, म्हशी, सुना आणि भिशी एकहाती सांभाळायच्या. गावात आप्पांना 'शिवगंगाबाईचे मालक' म्हणत. निवृत्तीचा विषय निघाला की बाई भाकरी थापता थापता विचारायच्या, "घरी बसून काय फिरवणार तुम्ही?" 

अशा सुखाच्या दिवसांत धम्मप्रिया मोटारीपर्यंत पोचली.

कारखान्यात ती दोन वर्षांपासूनच होती. नांदेडची पोरगी, वडील एसटीत मेकॅनिक, इलेक्ट्रिकलची डिग्री चांगल्या मार्कांनी झालेली. पहिल्या दिवशी आप्पांनी तिला आडनाव विचारलं. ती म्हणाली, "सोनकांबळे." आप्पा म्हणाले, "बरं बरं." आपल्याकडं या 'बरं बरं'मध्ये काय काय बसतं ते मी सांगायला नको. तिनं ते ऐकलं, आणि अशा 'बरं बरं'ची सवय असलेल्या माणसासारखी पुढच्या कामाला लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं चीफ इंजिनिअरना विचारलं होतं, "सर, या मोटारीचे ब्रश हातानं का सरकवावे लागतात? आत इंटरपोल न्हाईत का?" चीफ इंजिनिअर म्हणाले, "म्याडम, आधी कॉलनीतले दिवे बघा." तिनं कॉलनीतले दिवे बघितले. मग गेस्टहाऊसचा गीझर बघितला. मग साहेबांच्या सूनबाईंचा मिक्सर बघितला. इतकं सगळं बघून झाल्यावरही मोटार काही तिच्या वाट्याला येत नव्हती.

मोटार वाट्याला आली ती एका मोठ्या माणसाच्या उसामुळं. त्या सीझनच्या शेवटी कम्युटेटर इतका करपला की मिल सारखी बंद पडायला लागली. आठवडाभर शेतकऱ्यांचा ऊस गेटवर वाळला, तेव्हा ती निसर्गाची अवकृपा होती. मग आनंदराजसाहेबांच्या साडूचा ऊस गेटवर अडकला, आणि त्याच दुपारी तो तांत्रिक बिघाड झाला. चीफ इंजिनिअरना बोलावणं आलं. ते तिथून सरळ परत येऊन धम्मप्रियाला म्हणाले, "म्याडम, तुम्ही मागं कायतरी म्हणाला होता की."

ती वही-पेन्सिल न घेताच आली आणि आप्पांच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसली.

"आप्पा, लोड वाढला की ठिणग्या वाढतात, बरोबर?"

"ह्या मोटारीचा सभाव तसा हाय," आप्पा म्हणाले. "तुमच्या पुस्तकात न्हाई घावायचं."

"पुस्तकातच हाय की," ती म्हणाली. "बघा, मोटारीत मोठाले चुंबक हायेत. त्यांच्या मधोमध एक शांत जागा असते, तिथं ब्रश ठेवला तर ठिणगी पडत न्हाई. पण लोड आला की आत फिरणाऱ्या आर्मेचरमधी करंट वाढतो, आन त्याचा सोताचा चुंबक तयार होतो. तो मोठ्या चुंबकाच्या फील्डला ओढून वाकडं करतो. मग ती शांत जागा सरकते. जितका लोड, तितकी जास्त सरकते. तुम्ही हँडल घेऊन तिच्या मागं पळायलाव."

आप्पांना हे वर्णन आवडलं नाही. पळणं हा शब्द त्यांच्या कामाला कुणी आजवर लावला नव्हता.

"ते वाकडं व्हायचं थांबवायला काही मोटारींत मोठ्या पोलच्या तोंडातच वायंडिंग भरतात. ही त्यातली न्हाई. हिच्यात मोठ्या पोलच्या मधी बारके पोल देतात, त्येच इंटरपोल. त्यांच्यातून लोडचाच करंट जातो. लोड वाढला की त्यांचा जोर आपोआप वाढतो, कमी झाला की कमी. वाकडं झालेलं ते ब्रशापाशी जागच्या जागी सरळ करतात. मग ब्रश हलवायचं कामच राहत न्हाई."

आप्पांनी एकदा मोटारीकडं बघितलं, एकदा हँडलकडं. मग म्हणाले, "मंग मी हितं काय करून राहिलो?"

"मला दोन वर्षं त्येच कळंना," धम्मप्रिया म्हणाली. ती खरोखरच विचारत होती, पण आप्पांना ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

गाळप संपल्यावर मोटार उघडली. खालचं झाकण काढलं, तिनं आत टॉर्च मारला, आणि आतून ती जाड केबल बाहेर बघायला लागली. टेप वाळून पापुद्रे सुटले होते. केबलच्या मागं बारक्या पोलाची ती जळालेली कॉईल तशीच, काळी ठिक्कर.

सगळे आप्पांकडं बघायला लागले. आप्पांच्या तोंडातून एकदम निघून गेलं, "हे सीझनपुरतं हाय."

"कंच्या सीझनपुरतं?" धम्मप्रियानं विचारलं.

कुणीतरी खोकून हसू दाबलं. आप्पांनी धोतराचा सोगा उगीच नीट केला आणि चहाला जायचं निमित्त काढलं.

केबलचा वळसा काढला, कॉईल नांदेडला जाऊन नवी भरून आली. मग धम्मप्रियानं जे केलं ते आप्पांनी खुर्चीवर बसून बारकाईनं पाहिलं, कारण दुसरं काही करण्यासारखं त्यांना दिलेलंच नव्हतं. तिनं बारक्या पोलांमधून थोडा करंट सोडला आणि एक लहानसं होकायंत्र एकेका पोलापुढं धरलं. काटा एकीकडं वळला की उत्तर, दुसरीकडं वळला की दक्षिण. "एक जरी उलटा बसला तर ठिणग्या कमी व्हायच्या सोडून वाढतील," ती मदतनिसांना सांगत होती. आप्पांच्या मनात आलं, बसावा एखादा उलटा. आलं ते आलं. लगेच त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि दुसरीकडं तोंड फिरवलं. एकही उलटा बसला नव्हता.

मग शांत जागा शोधायची होती. मोठ्या पोलांचा करंट ती चालूबंद करायची, आणि ब्रशांना जोडलेल्या मीटरचा काटा दरवेळी दचकायचा. "आप्पा, थोडं मागं घ्या," ती म्हणाली. आप्पांनी हँडल थोडं मागं घेतलं. "अजून थोडं. अजून. बस." काटा दचकायचा थांबला. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांनी दुसऱ्याच्या सांगण्यावरून हँडल हलवलं होतं, आणि हात नेहमीसारखाच हलका चालला होता, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. धम्मप्रियानं तिथं पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली.

"आता बोल्ट आवळा आन हँडल काढून टाका," ती म्हणाली.

इथं आप्पांनी शेवटचा डाव टाकला. ते सरळ चीफ इंजिनिअरकडं गेले. "साहेब, मोळीच्या दिवशी चेअरमनसाहेब पाहुणे घेऊन येणार. हँडल दिसलं न्हाई तर ते कुणाला विचारतील?" चीफ इंजिनिअरना अनेक तांत्रिक मुद्दे कळत नसत, पण हा ताबडतोब कळला. "मोळीपर्यंत राहू द्या, म्याडम," ते म्हणाले. "नंतर आवळा."

मोळीपूजनाचा, नव्या सीझनची पहिली मोळी टाकायचा दिवस म्हणजे आमच्याकडं लग्नापेक्षा मोठा. मांडव, हार, फेटे, लाऊडस्पीकर, आणि ज्याच्या शेतात ऊस नाही त्याचं उसावर भाषण. आनंदराजसाहेबांनी सपत्नीक गव्हाणीत मोळी टाकली, नारळ फुटला, भोंगा झाला, आणि सगळी वरात मिल हाऊसकडं निघाली. आप्पा नवीन फेटा बांधून खुर्चीवर बसलेले. हात हँडलवर. धम्मप्रिया मीटरच्या पॅनलजवळ, भिंतीला टेकून.

मोटार फिरायला लागली. ऊस आला. अँपिअरचा काटा चढायला लागला. आप्पांनी ब्रशांकडं डोळे लावले.

काहीच नाही. काटा आणखी चढला. ब्रशांखाली अंधार. एवढा लोड आणि ठिणगीचा पत्ता नाही, हे दृश्य आप्पांनी टॉर्च धरला त्या दिवसानंतर पाहिलेलं नव्हतं. पाहुणे उभे होते, संचालक उभे होते, सगळे वाट बघत होते आणि बघण्यासारखं काहीही घडत नव्हतं.

आनंदराजसाहेबांनी घसा साफ केला. "आप्पा, काय, चालूय ना?"

आणि आप्पांचा हात सरकला. मुद्दाम सरकवला की सवयीनं सरकला, हे पुढं त्यांनी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. एवढा काटा चढला की हँडल बोटभर मागं, हे त्यांच्या हाताच्या हाडात बसलेलं होतं. हँडल पांढऱ्या रेघेवरून मागं गेलं आणि ब्रशांखाली निळा जाळ फुलला. तडतड झाली. पाहुण्यांमधली एक बाई ओरडून मागं सरली.

आप्पा दचकले. हात घाबरून पुढं आला, हँडल रेघेवर आलं, आणि ठिणग्या जशा आल्या तशा गेल्या.

 मग टाळ्या.

"बघितलं?" आनंदराजसाहेबांचा आवाज लाऊडस्पीकरशिवायच मांडवात गेला असेल. "नवीन कॉईल टाकली, इंजिनिअर लावले, सगळं केलं. पण ठिणगी पडली तर विझवली कुणी? आप्पानी! करार एक वर्षाचा न्हाई, तीन वर्षांचा करा." संचालकांनी टाळ्यांनीच ठराव पास केला. कुणीतरी आप्पांच्या गळ्यात हार घातला. चीफ इंजिनिअरनी धम्मप्रियाकडं बघितलं, म्हणजे बघायचं टाळलं.

 धम्मप्रियानं आप्पांच्या हाताकडं पाहिलं, मग पांढऱ्या रेघेकडं, आणि परत मीटरकडं वळली. त्या सगळ्या गर्दीत काय झालं ते दोघांनाच कळलं होतं. आप्पांना हवं होतं ते मिळालं होतं, जितकं मागितलं त्याच्या तिप्पट. आणि त्यांना लाज वाटली. इतकी की हार काढून ठेवायचंही सुचेना, तसेच घरी गेले.

शिवगंगाबाईंना बातमी आधीच पोचली होती. त्यांनी आनंदानं हुग्गी केली होती. नवरा अजून तीन वर्षं दिवसभर घराबाहेर राहणार म्हटल्यावर कोणती बाई गोड करणार नाही? आप्पांनी ताट सरकवलं.

"ठिणगी मीच पाडली," ते म्हणाले. "आन मीच विझवली. त्येची शाबासकी मिळाली."

बाईंनी तूप वाढता वाढता जरा विचार केला. "मंग काय झालं?" त्या म्हणाल्या. "तुमचा चेअरमन दुसरं काय करतो? खावा गप."

आप्पांनी खाल्लं नाही. सरळ माणसाला एकदा लाज वाटली की ती चेअरमनच्या उदाहरणानं जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिल साफसफाईला थांबलेली असताना धम्मप्रिया आली, तेव्हा आप्पा मोठा पाना घेऊन मोटारीजवळ उभे होते. त्यांनी पाना तिच्यापुढं धरला.

"आवळ," ते म्हणाले.

"तुम्ही आवळा की, आप्पा. तुम्हाला येतंय."

"न्हाई. माझा हात मला माहीत हाय. तूच आवळ."

तिनं कडं रेघेवर आणून एकेक बोल्ट आवळला. मग हँडल काढायला लागली, तर आप्पा म्हणाले, "तेवढं राहू दे. तीन वर्षं हितं बसायचंय. हातात काय धरू?"  तिनं हँडल कड्यापासून सोडवून बाजूच्या चौकटीवर एका खिळ्यात अडकवून दिलं. पुढून बघणाराला काही कळलं नसतं. हँडल छान फिरायचं, आणि कशालाही जोडलेलं नव्हतं.

सीझन निर्वेध चालला. मोटारीनं ठिणगी टाकली नाही, ब्रश पूर्वीसारखे झिजेनात, ऊस गेटवर वाळेना. अर्थात नाव झालं आप्पांचं. चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीत हँडल धरलेला त्यांचा फोटो छापून आला. धम्मप्रियाचा दिसला नाही. फोटो काढला तेव्हा ती साहेबांच्या बंगल्यावर सजावटीच्या दिव्यांची माळ बघायला गेली होती.

पुरवणी वाचूनच धर्माबादकडच्या एका कारखान्याचा फोरमन आला. अमरनाथ त्याचं नाव. माणूस भाविक, हातात पेढ्यांचा बॉक्स, खिशात मेजरिंग टेप. मिल पूर्ण लोडवर चालू होती. त्यानं ब्रशांखाली वाकून बघितलं, एकही ठिणगी नाही, आणि त्याचे डोळे भरून आले.

"आप्पा, आमची मोटार लई जाळ टाकून राहिली," तो म्हणाला. "आमच्या साहेबांनी सांगितलंय, असंच हँडल बसवून घ्या. तेवढं माप घेऊ द्या."

आप्पांनी इकडंतिकडं बघितलं. धम्मप्रिया मागच्या पॅनलचं रीडिंग घेत होती. अमरनाथनं टेप उघडला आणि बाभळीच्या लाकडाला लावला. आप्पांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं, धर्माबादला एक मोटार, तिचं सैल केलेलं कडं, आणि तिच्याजवळ एक खुर्ची.

"हँडल बसवू नका," ते म्हणाले. "तुमची मोटार उघडा. आत बघा, बारक्या पोलांना कुणीतरी वळसा मारून ठेवलेला असंल, न्हाईतर एखादा उलटा असंल. ते नीट करा. ठिणगी पडणारच न्हाई."

"हाव, हाव," अमरनाथ म्हणाला आणि हँडलची जाडी मोजायला लागला.

"अहो, ऐका. ह्ये हँडल कशालाच जोडलेलं न्हाई."

अमरनाथ हसला. "आप्पा, सांगायचं नसलं तर नका सांगू. गुरूची विद्या अशी सहज मिळत न्हाई, मला माहीत हाय."

 आप्पांनी हँडल धरलं आणि पूर्ण मागं नेलं. मग पूर्ण पुढं. मग गरागरा मागंपुढं, पोरं पाळणा हलवतात तसं. मोटार आपली शांत चालत राहिली. ब्रशांखाली काळोखच.

"बघा! बघितलं? कायतरी झालं का?"

अमरनाथ तोंड उघडं टाकून बघत होता. "काय कंट्रोल हाय!" तो पुटपुटला. "एवढं फिरवूनबी एक ठिणगी न्हाई." आणि त्यानं वाकून आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. मग पेढ्यांचा बॉक्स खुर्चीच्या हातावर ठेवून, टेप गुंडाळून, तो समाधानानं निघून गेला.

आप्पा बसून राहिले. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या शब्दाबाहेर गेलं नव्हतं. आज पहिल्यांदा ते त्या खुर्चीवरून खरं बोलले आणि आज पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही. त्यांनी मागं वळून पाहिलं. धम्मप्रियानं सगळं ऐकलेलं दिसत होतं.

"मी खरं सांगितलं त्येला," आप्पा म्हणाले.  "पायावर डोकं ठेवलं, पण ऐकलं न्हाई."

"हाव, बघितलं," ती म्हणाली. "मी दोन वर्षं सांगून राहिले होते, आप्पा. माझ्या तर पायाबी कुणी पडलं न्हाई."

आप्पांना यावर 'बरं बरं' म्हणता आलं नाही. त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उघडून तिच्यापुढं केला. तिनं एक घेतला, तोंडात टाकला आणि ब्रशांकडं बोट दाखवलं.

"तपासणी राहिलीया. उठता का जरा? खुर्ची मधी येतीया."

आप्पा उठले. मोडक्या पाठीची खुर्ची त्यांनी स्वतःच ओढून भिंतीला लावली, आणि तिला नीट दिसावं म्हणून टॉर्च धरून उभे राहिले. मिल भरात चालू असताना मोटारीजवळची ती जागा रिकामी झाली होती, आणि समोरून येणाऱ्या जाणाऱ्यांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.